ढेकणाची मादी नुसती सोसत नाही

ढेकणाची मादी मिलनात 'बिचारी' असते, असं म्हटलं जातं; ते अर्धंच खरं. नर सुईसारखं वाकडं अंग थेट तिच्या पोटाच्या भिंतीत खुपसतो. जननमार्ग फक्त अंडी घालायला. पण तिच्या पोटाखाली, उजव्या बाजूला एक खाच असते आणि आत रक्तपेशींनी भरलेली मऊ पिशवी. वार तिथे बसला तर जंतूंचा बंदोबस्त तिथेच होतो. भलतीकडे बसला की नुकसान जास्त. शुक्राणू पुढे रक्तद्रवातून अंडाशयाकडे जातात.

नर गाठतो तो नुकतीच रक्त प्यालेली मादी: फुगलेल्या पोटाने तिला अंग चोरून घेता येत नाही. गडबडीत तो नरांवरही चढतो (मग त्या नरांचा गंध सोडून निषेध!). वारंवार मिलनाने मादीचं आयुष्य मात्र घटतंच, पिशवी असूनही.