गारगाई धरण होणारच असेल, तर अहिराला वाट ठेवायला काय हरकत आहे?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

मुंबईला पाणी कमी पडतं म्हणून वाडा तालुक्यात गारगाई नदीवर धरण बांधायचा पालिकेचा बेत बरीच वर्षं चालू आहे. रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी. वाद होतात ते झाडांवरून, तानसा अभयारण्यातल्या बुडणाऱ्या जंगलावरून, उठणाऱ्या गावांवरून. व्हायलाच हवेत. पण अहिराचं नाव त्यात कुणी घेत नाही, म्हणून हा धागा.

अहिर म्हणजे आपल्या नद्यांतला सापासारखा लांबडा मासा, अँग्विला बेंगालेन्सिस. जन्म समुद्रात. चपटी, पारदर्शक अळी प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याला लागते, खाडीच्या तोंडाशी तिचं बारीक काचेरी पिल्लू होतं, मग ते काळपट होत नदी चढायला लागतं. वर खडकाळ डोहात, दगडाच्या कपारीत किंवा झाडाच्या मुळांत दिवसा दडून बसायचं, रात्री खेकडे-मासे खायचे, अशी कित्येक वर्षं काढून अंगावर चंदेरी झाक आली की परत समुद्राकडे. वीण आयुष्यात एकदाच, आणि त्यानंतर मरण. आपल्या किनाऱ्याचे अहिर विणीला हिंदी महासागरात नेमके कुठे जातात, ती जागा अजून सापडलेली नाही.

यातला धरणाशी जोडलेला मुद्दा असा की नदीत हा मासा वीतच नाही. रोहू-कटल्यासारखी बोटुकली आणून तलावात सोडली आणि भरपाई झाली, असं इथे चालत नाही. जपानने २०१० मध्ये प्रयोगशाळेत याच कुळातल्या माशाची दुसरी पिढी काढून दाखवली, पण तिथली मत्स्यशेती आजही समुद्रातून पकडलेल्या पिल्लांवरच उभी आहे. वाट बंद झाली की वरचे अहिर म्हातारे होत संपतात, आणि ते संपलेत हे कळायलाही वीस-पंचवीस वर्षं जातात.

एकट्या वैतरणेवर मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा अशा तीन भिंती आहेत. शेजारी १८९२ पासून तानसा. हे सगळं आपल्या नळासाठी. निदान नव्या भिंतीच्या आराखड्यात अहिरांसाठी ओला रॅम्प धरा एवढंच म्हणतोय. उतरता पन्हाळा, तळाला ब्रशसारखे ताठ केस किंवा खुंट्या, वरून पाण्याची बारीक धार. पिल्लं अंग वळवत त्यातून चढतात. सेंट लॉरेन्स नदीवरच्या मोझेस-सॉन्डर्स धरणावर १९७४ पासून अशी सोय आहे.

व्हॉल्व्हमन

पाणीखात्यात आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. तुम्ही सांगता ते धरण मध्य वैतरणेच्या पासंगालाही पुरणार नाही. आपली भिंत १०२ मीटरची. तिथे रॅम्प कुठून कुठे नेणार? बरं, नेला. पिल्लू वर गेलं, मोठं झालं. उतरणार कुठून? भर पावसात सांडव्यावरून खाली दगडावर? आणि गारगाईचं पाणी बोगद्यातून मोडकसागरात न्यायचं आहे. उतरणीला लागलेला अहिर प्रवाह धरून जातो, म्हणजे तो बोगद्यातच शिरणार. जाळी लावली तर जाळीला चिकटून मरणार. चढायची सोय केली आणि उतरायची नाही, तर तुम्ही त्याला पिंजऱ्यात नेऊन सोडलंत.

खाडीपलीकडे

काका, उंच भिंतीला कुणी वरपर्यंत रॅम्प नेतही नाही. न्यूझीलंडमध्ये धरणाच्या पायथ्याशी छोटा रॅम्प असतो, तो एका टाकीत संपतो. टाकीतली पिल्लं गाडीने वर नेऊन सोडतात. उतरणीचे मोठे अहिर पुरापूर्वी वरच्या पाण्यात पकडून भिंतीखाली सोडायचे, हेही तिथे करतात. आपल्याकडे ते काम जलाशयात मासेमारी करणाऱ्यांना मजुरी देऊन होईल. टाकी, टेम्पो आणि चार माणसं. धरणाच्या खर्चात हा आकडा दिसणारही नाही.

अर्नाळ्याची लेक

माझं माहेर वैतरणेच्या तोंडाशी, सासर वेसाव्याला. दादा, तळमजला जळतोय आणि तुम्ही गच्चीला जिना लावताय. ते काचेचं पिल्लू आधी खाडीतून जिवंत वर आलं पाहिजे ना? वैतरणा खाडीत सक्शन पंप लावून रेती ओढतात. रेल्वेच्या पुलाचे खांब धोक्यात आले तेव्हा कुठे बोंब झाली, माशासाठी कुणी बोललं नाही. तळाचा गाळ गेला, कडेची तिवरं गेली, मग ते लपणार कुठे? अहिराचा दुसरा भाऊबंद आहे, बिनठिपक्यांचा, बायकलर म्हणतात तो. तो तर फारसा वर जातही नाही. खाडी, खाजण, दलदल इथेच राहतो. त्याला तुमच्या रॅम्पचा काय उपयोग?

आणि बाजारात लोक वाम बघून म्हणतात, मिळतात की अहिर. ती वाम समुद्रातली, तिचं भोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, काढून विकतात. तिच्यावरून नदीचा हिशोब लावू नका.

मिठीकाठी

थोडं अवांतर. दर पावसाळ्यात मिठीतला, नाहीतर पवईच्या सांडव्याखालचा "अहिर" म्हणून फोटो फिरतात. आधी कल्ल्यामागे बघा. अहिराला तिथे दोन छोटे गोल पर असतात, आणि पाठीचा, शेपटीचा, पोटाचा पर मिळून एकच सलग झालर होते. पाठीवर सुट्या काट्यांची रांग आणि तोंड टोकदार असेल तर तो वेगळा. पर अजिबातच नसतील आणि कल्ल्याची फट गळ्याखाली असेल तर तो चिखलातला, वेगळ्याच कुळाचा. जोगेश्वरीच्या विहिरीत सापडलेला आंधळा मासा, २०२२ मध्ये मुंबादेवीवरून ज्याचं रक्तामिक्थिस मुंबा असं बारसं झालं, तो या तिसऱ्या गटातला. त्याला समुद्राशी देणंघेणं नाही, त्याला भूजल लागतं. त्याच्यासाठी बोअरवेलवर बोला.

मिठीबद्दल बोलायचं तर २६ जुलै २००५ नंतर पात्र खोल केलं आणि दोन्ही बाजूंनी भिंती घातल्या. मैलापाणी उद्या थांबलं तरी त्या गुळगुळीत भिंतीत अहिराला बसायला कपार राहिलेली नाही.

आकडेमोड

भावना समजल्या, पुरावा काय? युरोपने २००७ मध्ये कायदा केला: माणसाचा हस्तक्षेप नसता तर जेवढे चंदेरी अहिर समुद्रात गेले असते त्याच्या ४० टक्के तरी गेलेच पाहिजेत. रॅम्प, शिड्या, निर्यातबंदी सगळं झालं. आज काय? उत्तर समुद्राकडे येणारी पिल्लं १९६०-७० च्या दशकांच्या मानाने १ टक्क्याच्या आसपास. तिथला अहिर आययूसीएनच्या, म्हणजे जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, यादीत अजूनही अतिसंकटग्रस्त आहे. आपला अहिर त्या यादीत 'संकटाच्या उंबरठ्यावर' एवढाच आहे.

खाडीपलीकडे

यातून "रॅम्प निरुपयोगी" असा निष्कर्ष कसा निघतो? १ टक्का उरल्यावर बांधलेल्या शिडीवरून चढायला पिल्लंच नसतात. उंबरठ्यावर आहे तोवरच करायचं असतं.

वाड्याचा पोऱ्या

सगळं वाचलं. मी त्याच बाजूचा, नोकरीला गोरेगावात. आमच्याकडे रात्री गळाला बेडूक लावून अहिर धरतात. ज्याला जमतं तो कपारीत हात घालून काढतो, नि हातातून सटकला की सगळे हसतात. कंबर धरली की म्हातारी माणसं त्याचं कालवण मागतात. गुण येतो की नाही, त्यांनाच ठाऊक. हल्ली जिलेटिन फोडणारेही आहेत, ते आमचेच, लपवत नाही.

पण एक सांगा. गावं उठणार, जंगल बुडणार, आणि तुम्ही म्हणता धरण होणारच असेल तर माशाला वाट ठेवा. हा "होणारच असेल" कुणी ठरवला? उद्या अहवालात एक पान येईल, "जलचरांसाठी विशेष मार्गिकेची तरतूद", खाली फोटो, आणि आक्षेप निकाली. तुमचा रॅम्प आमच्या विरोधावर बोळा फिरवायच्या कामी येईल. मुंबईच्या जुन्या पाइपांतून वाटेत गळतं ते पाणी आधी मोजा.

व्हॉल्व्हमन

गळतीचं बरोबर आहे. आत बसून पाहिलंय. पण नुसत्या गळतीवर गारगाई टळेल असंही नाही, माणसं वाढतायत.

खाडीपलीकडे

वाड्याच्या दादांचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. धरण नको असेल तर मीही तुमच्या बाजूने सही करेन. पण मोडकसागर आणि तानसा उभेच आहेत. तिथल्या पायथ्याला टाकी-रॅम्प मागायला कुणाच्या विरोधाला धक्का लागत नाही. आणि त्याहून सोपं म्हणजे उल्हासवरचे बुटके बंधारे, मोहन्याचा वगैरे. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारं टाटांचं पाणी उल्हासमध्ये येतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. अशा नदीवर माणूसभर उंचीच्या भिंतीने वाट अडावी हे चमत्कारिक आहे. न्यूझीलंडमध्ये शिंपल्यांच्या शेतीतला केसाळ दोर अशा जागी वरून सोडतात, पिल्लं त्याच्या ओल्या धाग्यांतून चढतात. आपल्याकडे काथ्या आहे.

अर्नाळ्याची लेक

काथ्या एका पावसात कुजेल. जुन्या जाळ्याचा नायलॉन घ्या, पीळ सोडून. बंदरावर ढिगाने पडलाय, फुकट मिळेल. आणि रेतीवर वेगळा धागा काढा, इथे बुडवू नका.

वाड्याचा पोऱ्या

उल्हासवर दोर बांधायला मी येतो. तानशाचं पत्र लिहा, सही करतो. गारगाईच्या कागदावर मात्र अहिराचं नाव घालायचं नाही.

व्हॉल्व्हमन

दोर बांधण्याआधी बंधारा कुणाच्या ताब्यात आहे ते काढा. पाटबंधारे, एमआयडीसी की महापालिका, त्यावर परवानगीचा अर्ज कुठे द्यायचा ते ठरेल. आणि दोर वरून ओला राहील एवढी धार उन्हाळ्यात भिंतीवरून येते का, ते मे महिन्यात जाऊन बघा. नाहीतर नुसता वाळत घातलेला दोर होईल.