पूररेषेच्या आतला मुरमाचा भराव बंद करा. नुसती जोत्याची उंची मोजून भागणार नाही

रंकाळावेस
पाणी दारात आल्यावर सगळेच शहाणे होतात, म्हणून आत्ताच विषय काढतोय. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा तीच गत. आजचा नियम असा: नदी ते निळी रेषा (पंचवीस वर्षांतला पूर) नवं बांधकाम नाही. निळी ते लाल (शंभर वर्षांतला पूर) या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घेतलं की परवानगी मिळते. जोतं वर घ्यायचं म्हणजे आपल्याकडं डंपर लावून मुरूम ओतायचा. घर कोरडं राहतं, पण तिथलं पाणी सुतारवाड्यात नाहीतर कुंभार गल्लीत शिरतं.
माझं म्हणणं, लाल रेषेच्या आत भराव नकोच. बांधायचं तर खांबांवर बांधा, खालनं पाणी जाऊ दे. अगदीच भराव लागला तर तेवढी माती त्याच पूरपट्ट्यातनं उपसून द्यावी. ओढ्यांची तोंडं मोकळी ठेवावीत, मासे तिथनंच चढतात. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात २०१६ साली तिथल्या केंद्रीय मत्स्य खात्यानं सरकारी पूरविमा योजनेवरच (तिच्या अटींप्रमाणं गावं बांधकामाला परवानगी देतात) बोट ठेवलं, की पूरपट्ट्यात असं बांधू दिलंत तर सॅमन मासा संपेल. त्यानंतर तिथल्या गावांना आपापले बांधकाम नियम बदलायला सांगितलं गेलं.

बावड्याचा_प्लॉटवाला
वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा ही निळी-लाल भानगड आम्हाला कुणी सांगितली नव्हती. नकाशावर रेघ पडली आणि गिऱ्हाईक फिरकंना झालं. आता खांबांचा खर्च पण आम्हीच करायचा? आधी शिरोलीचा महामार्गाचा भराव काढा. दोन्ही पुरांत पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला, पाणी तिथंच तुंबलं. सरकारनं टाकला की विकास, आम्ही चार डंपर टाकले की अतिक्रमण. भारी न्याय आहे राव!

रंकाळावेस
शिरोलीला रस्ता पिलरवर घ्या, ही मागणी माझीही आहे. पण सरकारी भराव चुकीचा म्हणून तुमचा बरोबर कसा ठरतो?

शिरोळचा_शेतकरी
शहरवाल्यांचं आपसात चालू द्या, आम्ही नदीच्या खालच्या अंगाला आहोत. माशांचं एवढं ऐका. वळवानंतरचं पहिलं गढूळ पाणी आलं की मासा नदी सोडून ओढ्यानं, शेतातल्या चरीनं वर चढतो आणि उथळ पाण्यात अंडी टाकतो. पावसाळ्याच्या तोंडावर बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढतात, तेव्हा त्याला वाट मिळते. पुढं ओढ्याच्या तोंडाला दोन फुटी पाइप टाकून वर मुरूम दाबलेला असला, तर तो जाणार कुठं? हे खरं. पण तेरवाड बंधाऱ्याजवळ मासा पोट वर करून तरंगतो, तो भरावानं मेलेला नसतो. वरच्या गावांचं मैलापाणी आणि कारखान्यांचं सांडपाणी त्याला मारतं. ते सोडून भरावाचा नियम करणार असाल, तर अंडी घालायला जागा राहील, घालणारा मासा राहणार नाही.

तांबडा_पांढरा
माणसं पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढतात आणि इथं माशांची वास्तुशांत चाललीय. जरा तरी लाज धरा. आणि चढणीचे मासे पोतं भरून आणतो आपण, तेव्हा पोटातली अंडी दिसत नाहीत कुणाला?

शिरोळचा_शेतकरी
अंड्यांचं बोललात ते बरोबर. त्या पंधरा दिवसांत जाळी लावायला मी स्वतः बंदी मागतो. गावात कुणाला आवडत नाही.

सिव्हिलवाला
खांबांचा नियम कागदावर झकास. प्रत्यक्षात खालचा मजला पार्किंग म्हणून मंजूर होतो, भोगवटा प्रमाणपत्र हातात पडलं की शटर लागतात. पुरात त्याच शटरला पाणी अडतं आणि आतला माल भिजला म्हणून पंचनामा मागायला तोच मालक पुढं. तेव्हा तपासणी दरवर्षी मे महिन्यात हवी. दुसरं, २०२० पासून मुंबईसारखे अपवाद सोडले तर राज्यभर बांधकामाची एकच नियमावली आहे. महापालिकेला एकटीला ती बदलता येत नाही. ठराव करून शासनाकडं पाठवावा लागेल, म्हणजे आमदारांना धरा.

प्रयाग_चिखली
एवढं करण्यापेक्षा सरळ उठवा, असं कुणी म्हणायच्या आत सांगतो. १९८९ च्या पुरानंतर आम्हाला आणि आंबेवाडीला सोनतळीला प्लॉट दिले. तरी बरीच माणसं जुन्या गावातच आहेत. म्हशी, वैरण आणि ऊस इथं, आणि आम्ही तिथं राहून काय करायचं? नियम करताना गोठ्याचा विचार करा, फक्त फ्लॅटचा नको.

बावड्याचा_प्लॉटवाला
मी आडमुठा नाही. खांबांचा जादा खर्च घरफाळ्यात वळता करून द्या, बांधता येत नाही त्या जागेचा टीडीआर (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) वेळेत द्या, मी पहिली सही करतो. पण नियम सगळ्यांना लावणार ना? आमच्या पलीकडच्या बिल्डरनं आख्खा पाणंदीचा ओढा बुजवलाय.

रंकाळावेस
तो ओढा जुन्या गावनकाशावर असणार. भूमी अभिलेखमधनं नक्कल काढा, ठरावाच्या अर्जाला पहिला कागद तोच जोडू.

बावड्याचा_प्लॉटवाला
अर्जावर नाव माझं एकट्याचं नको. दहा जण या, मग काढतो.