मदत हवी आहे: इंग्रजी उताऱ्यावरच्या 'का' आणि 'कशावरून' प्रश्नांचा सराव

मिडल स्कूल संपतानाच्या परीक्षेसाठी मुलांकडून इंग्रजी उतारे सोडवून घेणं चालू आहे. उतारा 250-300 शब्दांचा, खाली आठ-दहा प्रश्न, उत्तरं पूर्ण वाक्यात. कोण, कुठे, कधी यात अडचण नाही. गाडी अडते ती 'का' आणि 'कशावरून'पाशी.

नमुना बघा. उताऱ्यात आहे, 'शी क्लोज्ड द विंडो अँड पुट ऑन अ स्वेटर.' प्रश्न, 'हाऊ डू वी नो इट वॉज कोल्ड?' मुलं 'कोल्ड' शब्द शोधत बसतात. सापडला नाही की जवळचं कुठलंही वाक्य जसंच्या तसं उतरवतात. त्यात 'शी'सुद्धा तसाच, म्हणजे ती कोण हे उत्तरात येतच नाही.

आधी प्रश्न वाचून मग उतारा दोनदा वाचणं, आधाराची ओळ अधोरेखित करून समासात प्रश्नक्रमांक लिहिणं, हे करून झालंय. योग्य ओळ आता बहुतेकांना सापडते. शब्दार्थ पाठ करून घेण्याचा उपयोग शून्य (तो होणारही नव्हता). मराठीत तोंडी विचारलं तर तीच मुलं चटकन बरोबर सांगतात; इंग्रजीत लिहितानाच घोडं पेंड खातं.

परीक्षेत शब्दकोश चालत नाही. सरावाला आठवड्याला दोनच तास मिळतात. उतारे भरपूर आहेत, आणखी नकोत.

तोंडी मराठीकडून लेखी इंग्रजीकडे नेताना मधली पायरी कोणती ठेवता? 'बिकॉज'चा तयार सांगाडा द्यावा, की तीन-चार उत्तरांतून योग्य ते निवडायला लावावं? आणि सांगाडा दिलाच, तर तो काढून कधी घ्यायचा?