मदत हवी आहे: एकतर्फी फुटबॉल सामन्यात पहिल्या फळीतल्या मुलांना नेमकं कधी बसवायचं?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत राहतो. मुलगा अकरावीत आहे आणि हायस्कूलच्या संघात अमेरिकन फुटबॉल खेळतो. संघाची आकडेवारी लिहायचं काम मी हौसेने घेतलंय, त्यामुळे दर शुक्रवारी रात्री मैदानाच्या कडेलाच असतो.

गेल्या शुक्रवारी आम्ही 41-6 ने पुढे होतो. चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरची नऊ मिनिटं उरली होती आणि आमचा मुख्य रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) अजून मैदानातच होता. साधी धाव होती, चार यार्डांची. बाजूने एक जण त्याच्या गुडघ्यावर पडला. लिगामेंट फाटलंय, त्याचा हा हंगाम संपला. तो माझ्यापासून दहा-बारा फुटांवर पडला होता. त्याची आई पायऱ्या उतरून धावत आली, ते चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

प्रशिक्षकांना दोष देण्यासाठी हा धागा नाही. त्या माणसाच्या स्वतःच्याच मनाला फार लागलंय. सोमवारी त्यांनीच मला सांगितलं की सामन्याच्या गडबडीत भान राहत नाही, तू आकडे ठेवतोस तर एक सोपा नियम लिहून दे, तो मी पाळेन. आधीच सांगतो, माझा मुलगा दुसऱ्या फळीतला लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) आहे. पहिली फळी लवकर बसली तर त्याला खेळायला मिळतं. म्हणून माझ्या एकट्याच्या मतावर मला विसंबायचं नाही.

ओहायोत हायस्कूलच्या सामन्यात दुसऱ्या अर्ध्यात फरक 30 गुणांचा झाला की घड्याळ चालूच राहतं. टाइमआउट, दुखापत अशा मोजक्या वेळीच थांबतं. पण तेव्हा कुणाला बसवायचं हे तो नियम सांगत नाही. प्रशिक्षकांची भीती जुनीच आहे: मुलं काढली आणि सामना फिरला तर? ते दर वेळी व्यावसायिक लीगमधला (एनएफएल) 3 जानेवारी 1993 चा बफेलो-ह्यूस्टन सामना काढतात. 35-3 ने मागे पडलेलं बफेलो ओव्हरटाइममध्ये 41-38 ने जिंकलं होतं.

किती गुण, किती वेळ, आणि आधी कुणाला काढायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

रविवारचा_प्रेक्षक

वाचून वाईट वाटलं. मुलाला लवकर बरं वाटो.

बफेलोचं उदाहरण प्रशिक्षक उलटं वाचताहेत. ह्यूस्टनने कुणालाच बसवलं नव्हतं, त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा) वॉरन मून शेवटपर्यंत खेळला. बदली क्वार्टरबॅक होता तो बफेलोकडे, फ्रँक राइक, कारण त्यांचा नेहमीचा जिम केली जखमी होता. 17 डिसेंबर 2022 ला मिनेसोटाने इंडियानापोलिसविरुद्ध 33-0 ची पिछाडी भरून काढली, तेव्हाही इंडियानापोलिसचे नेहमीचेच खेळाडू मैदानात होते. 2017 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, अटलांटाची 28-3 ची आघाडी गेली, तीही त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक मॅट रायन खेळत असताना. या तिन्ही सामन्यांत आघाडी घालवली ती पहिल्या फळीनेच.

मुख्य खेळाडू बसवून सामना गेल्याचं ठळक उदाहरण म्हणजे डिसेंबर 2009, इंडियानापोलिस विरुद्ध जेट्स. पण इंडियानापोलिसने मुख्य क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला बसवलं तेव्हा आघाडी फक्त 15-10 होती. तो एकतर्फी सामना नव्हताच.

उलट बाजूचं उदाहरण न्यू इंग्लंडचा मुख्य खेळाडू ग्रोंकोव्स्कीचं. नोव्हेंबर 2012, न्यू इंग्लंड 59-24 ने जिंकलं, आणि त्याचा हात मोडला तो शेवटी शेवटी, टचडाउननंतरच्या (चेंडू शेवटच्या रेषेपार नेल्यानंतरच्या) एका गुणाच्या किकच्या वेळी अडवायला उभा असताना. त्या एका गुणाची कुणालाही गरज नव्हती.

जर्सीवाला_काका

मी इथे बरीच वर्षं लहान मुलांच्या संघांना शिकवतो. आम्ही गुण मोजत नाही, पाळ्या मोजतो. पाळी म्हणजे चेंडू एका संघाच्या ताब्यात येण्याची खेप.

एका पाळीत जास्तीत जास्त 8 गुण: टचडाउनचे 6 आणि किकऐवजी चेंडू पुन्हा रेषेपार नेला तर वरचे 2. तुमचा फरक 35 होता, म्हणजे त्यांना किमान पाच पाळ्या हव्यात. त्या पाचांच्या मधे चार वेळा चेंडू तुमच्याकडे येणार. तुम्ही नुसतं तीनदा मधून धावून पंट केलं (चेंडू लाथेने लांब मारून त्यांना दिला), तरी दोन खेळांमधल्या 40 सेकंदांच्या हिशोबाने एका पाळीला दोन मिनिटं जातात. चारांना आठ. त्यांच्या प्रत्येक टचडाउनला, कितीही घाई केली तरी, एक मिनिट धरा, म्हणजे आणखी पाच. एकूण तेरा. तुमच्याकडे नऊच उरली होती. त्या मुलाला तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटीच बसवता आलं असतं.

याच हिशोबाने फरक 24 असेल तर शेवटची सात मिनिटं, 28 ला दहा, 42 ला सोळा. चेंडू हातातून सुटणं, ऑनसाइड किक (मारणाऱ्यांनीच परत मिळवायची छोटी किक) वगैरेसाठी थोडं राखून चाला, म्हणजे फरकातून एक टचडाउन वजा करून हिशोब करा.

आता कुणाला आधी, हा खरा प्रश्न. सगळी फळी एकदम बदलू नका. हायस्कूलमध्ये निम्मी मुलं आक्रमण आणि बचाव दोन्हींत खेळतात, तेवढे बदली खेळाडू मिळतही नाहीत. आधी किकऑफ, पंट आणि किकच्या तुकड्यांतून मुख्य मुलं काढा. मग रनिंग बॅक आणि रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे). मग क्वार्टरबॅक, पण त्याच्या जागी येणाऱ्या मुलापुढे लाइनमधली, म्हणजे त्याच्यासाठी समोरच्यांना अडवणाऱ्या रांगेतली, दोन-तीन मुरलेली मुलं ठेवा. नवा क्वार्टरबॅक नव्या लाइनमागे उभा केलात तर एकाला वाचवून दुसऱ्याला मार खायला लावाल. बदली सेंटरबरोबर (क्वार्टरबॅकला चेंडू मागे देणाऱ्याबरोबर) चेंडू घेण्याचा सराव त्याने आठवडाभर केलेला हवा; निम्मे चेंडू तिथेच सुटतात.

आणि एकदा बसवलेल्या मुलाचं हेल्मेट स्वतःकडे घ्या. थंड पडलेलं अंग घेऊन कुणी परत मैदानात जायचं नाही.

पुण्याचा_स्कोरर

फुटबॉल मला कळत नाही, पण ही गोष्ट आपल्याकडेही घडलेली आहे. डिसेंबर 1948, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर 443 वर नाबाद, महाराष्ट्र 4 बाद 826, ब्रॅडमनचा 452 चा विक्रम हाताशी. काठियावाडने पुढे खेळायलाच नकार दिला. विक्रम राहिला. आजही वाटतं, थोडं थांबले असते तर. पण समोरच्या अकरा जणांचंही काही असतं. तुमच्या नियमात, कुणाचा विक्रम जवळ आला तर काय, हे आधीच लिहून ठेवा. ऐन वेळी तोच मुद्दा निघेल.

रविवारचा_प्रेक्षक

हे पटलं. सप्टेंबर 2023 मध्ये मायामी डेन्व्हरविरुद्ध 70-20 ने पुढे होतं. एक फील्ड गोल (3 गुणांची किक) मारला असता तर 73 होऊन 1966 चा वॉशिंग्टनचा 72 गुणांचा विक्रम मोडला असता. त्यांनी गुडघा टेकवून, म्हणजे पुढे जायचा प्रयत्न न करता, वेळ संपवला. मुख्य क्वार्टरबॅक तर त्याआधीच बाहेर बसला होता.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा हिशोब मी गेल्या दोन हंगामांच्या माझ्या वह्यांवर लावून बघितला. मोठ्या फरकाच्या सामन्यांपैकी एकातही, तुमच्या वेळेला मुलं बसवली असती तर निकाल बदलला असता असं दिसत नाही. अर्थात त्यात बदली मुलांच्या चुका धरलेल्या नाहीत, म्हणून एक टचडाउन राखून ठेवायची सूचना घेतोच.

असं लिहून देतोय: प्रत्येक फरकापुढे मिनिटं, एका जाड कागदावर, मोठ्या अक्षरात. वेळ आली की मी प्रशिक्षकांच्या कानावर घालणार. विशेष (किकऑफ, पंट, किकच्या) तुकड्या आधी, क्वार्टरबॅक शेवटी, हेल्मेट सहायकाकडे. विक्रमासाठी कुणी थांबणार नाही. उतरलेली दुसरी फळी मात्र पूर्ण ताकदीनिशी खेळेल. त्यांना नुसतं वेळ काढायला सांगणं मला बरोबर वाटत नाही. तीही आठवडाभर तेवढाच सराव करतात.

एकच गोष्ट अजून विचारायची आहे. जखमी मुलाची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. काल भेटायला गेलो तेव्हा हा कागद त्याला दाखवला. तो म्हणाला, शुक्रवारी कुबड्या घेऊन येईन, घड्याळ बघून सांगायचं काम मला द्या. प्रशिक्षक तयार आहेत. त्याच्या आईला अजून कुणी विचारलेलं नाही. तिच्याशी कसं बोलावं?