हूड तिसऱ्याच फैरीला फुटली, आणि पंच म्हणतात "पुन्हा टाक"

दर्यावर्दी:
रविवारी आमच्या हॉलमध्ये निळी चादर अंथरून छोट्या जहाजांनी डेन्मार्क सामुद्रधुनीची लढाई मांडली, दुसऱ्या महायुद्धातली, ब्रिटिशांची हूड विरुद्ध जर्मनांची बिस्मार्क. स्केल १:२४००, म्हणजे हूड जेमतेम अकरा सेंटिमीटर. बिस्मार्क माझी. तिसऱ्या फैरीला दोन्ही फासे सहा. कुठल्या आकड्याला किती नुकसान ते सांगणाऱ्या तक्त्यात पाहिलं, तर दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट! डाव वीस मिनिटांत खलास. पंच म्हणाले, "पोरं लांबून आलीत, पुन्हा टाक." टाकला, पण डोकं फिरलं. खरी हूड २४ मे १९४१ ला दहा मिनिटांच्या आतच गेली. १४१८ पैकी ३ वाचले. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईआधी, मे १९४२ मध्ये, जपान्यांनीही टेबलावर हेच केलं. फाशांनी नऊ बॉम्ब लागले म्हणून सांगितलं, डाव चालवणाऱ्या ॲडमिरल उगाकींनी त्याचे तीन केले, बुडालेली विमानवाहू अकागी वर काढली. ४ जूनला तिच्यावर खरोखरच बॉम्ब पडले आणि ५ जूनच्या पहाटे ती गेली.

खलाशीकाका:
उगाकींवर हे बालंट जुनंच. टेबलावरचा तो हल्ला मिडवे बेटावरून उडालेल्या विमानांचा होता. प्रत्यक्षात त्या विमानांचा एकही बॉम्ब जपानी विमानवाहू जहाजांवर बसला नाही. म्हणजे तीनसुद्धा जास्तच! अकागी, कागा, सोर्यू, हिर्यू या चौघींना खाल्लं ते अमेरिकी जहाजांवरून आलेल्या डाइव्ह बॉम्बरांनी, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांनी. तक्ता वेड्यासारखा बोलायला लागला तर पंचाने हात घालायचा नाही, तर काय चहा करायचा?

दर्यावर्दी:
तक्ता आधी दुरुस्त करा ना काका, फासा पडल्यावर नाही. आणि कागाचं काय? ती बुडाली हे त्यांनीच मान्य केलं, आणि पुढच्या मोहिमेच्या डावात परत पाण्यात सोडली. तिथे कुठला तक्ता चुकला होता?

बिनफाशी:
फासेच कशाला हवेत? आम्ही फ्लेचर प्रॅट या अमेरिकी लेखकाच्या पद्धतीने खेळतो. जमिनीवर पालथं पडायचं, जहाजाच्या उंचीवर डोळा आणायचा, अंतराचा अंदाज चिठ्ठीवर लिहायचा, मग टेप लावायचा. माझे गोळे हमखास आखूड पडतात. पण खापर फोडायला फासाही नाही आणि पंचही नाही.

खलाशीकाका:
आमच्या वयाला पालथं पडलं की उठवायला टगबोट लागते. आणि तुमच्याकडे सगळे लबाड फरशीच्या लाद्या मोजून अंतर लिहितात, मी बघितलंय.

बिनफाशी:
म्हणून तर आता सतरंजी टाकतो.

दर्यावर्दी:
पट्ट्यापट्ट्यांची?