पहिलीनंतर सगळी सारखीच?

'पहिली-दुसरीत गेल्यावर सगळी मुलं सारखीच होतात, मग कमी मुलांच्या छोट्या बालवाडीचा अट्टहास कशाला' हा मुद्दा अर्धाच खरा आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलँटी इथे १९६२ साली सुरू झालेल्या पेरी प्रीस्कूलच्या प्रयोगात आधी हेच दिसलं होतं. गरीब घरांतली १२३ मुलं, त्यातल्या ५८ जणांना बालवाडी. साधारण सहा मुलांमागे एक बाई, शिवाय दर आठवड्याला बाई मुलाच्या घरी दीड तास. बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांत विरली. पण चाळिशीत याच मुलांची कमाई उरलेल्यांपेक्षा जास्त आणि अटक होण्याचं प्रमाण कमी निघालं! म्हणजे टिकलं ते दुसरंच काहीतरी.

माझ्या मुलीच्या बालवाडीच्या वर्गात दहा-बाराच पोरं होती. एकदा एकाने दुसऱ्याचा ठोकळ्यांचा मनोरा पाडला. बाई ओरडल्या नाहीत. खाली मांडी घालून बसल्या आणि दोघांचं रडतरडतचं गाऱ्हाणं पूर्ण ऐकून घेतलं, चांगली पाच मिनिटं. (मी असते तर मनोरा स्वतःच रचून मोकळी झाले असते.) शेवटी पाडणाऱ्यानेच पहिला ठोकळा उचलला. चाळीस मुलं असती तर बाईंनी ही पाच मिनिटं कुठून आणली असती?