मदत हवी आहे: २००१ च्या होंडा सिटीचा पेट्रोल फिल्टर निघत नाहीये, खालचा नट जाम

मंडळी, थोडी घाई आहे. पुढच्या आठवड्यात आईला डोळे दाखवायला कोल्हापूरला न्यायचंय आणि गाडी आत्ता अंगणात बॉनेट उघडून उभी आहे.

गाडी होंडा सिटी १.३, पेट्रोल. बाबांनी २००१ साली नवी घेतली, तेव्हापासून रत्नागिरीतच आहे. घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. खारा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे उघड्यावरचा एकही नट-बोल्ट गंजाशिवाय नाही. इंजिन मात्र अजून ठणठणीत आहे, म्हणून ही गाडी मोडीत घालायचं आमच्या घरात कोणाच्याच मनात नाही.

दुखणं असं. गेल्या दोन महिन्यांत आंबा घाट तीनदा चढलो आणि तिन्ही वेळा तेच झालं. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी क्षणभर ओढते आणि मग दम सोडते. पाय सैल केला की परत सावरते. सपाटीवर काहीही त्रास नाही. प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले. बाबांची गाडीच्या कामांची एक वही आहे, त्यात पेट्रोल फिल्टर बदलल्याची शेवटची नोंद २०११ ची आहे. म्हणजे चोर सापडला असं मला वाटलं आणि नवा फिल्टर घेऊन आलो.

हा फिल्टर इंजिनच्या मागे फायरवॉलवर (इंजिन आणि आपण बसतो त्या भागामधला पत्रा) उभा बसवलेला आहे. वर मोठा पोकळ बोल्ट, त्याच्या डोक्यात दाब सोडायचा १२ नंबरचा छोटा बोल्ट. खाली टाकीकडून येणारा लोखंडी पाईप १४ नंबरच्या नटाने फिल्टरच्या बुडात घुसवलेला. टाकीचं झाकण उघडलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, फडकं धरून छोटा बोल्ट एक आटा सैल केला, फुस्स करून थोडं पेट्रोल आलं. वरचा मोठा बोल्टही निघाला. इथवर सगळं नीट.

खालचा नट मात्र तसूभर हलत नाही. इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) आणि फायरवॉल यांच्या मधे माझा हात मनगटापर्यंतच जातो. माझ्याकडे १४-१५ चा फिक्स पाना होता, तोच लावला. दोनदा जोर दिला, तिसऱ्यांदा पाना सटकला. हात धुऊन बोटाने चाचपलं, तर नटाचे दोन कोपरे गुळगुळीत झालेले. तिथेच थांबलो.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने येऊन पाहिलं. तो म्हणाला, "पाईप कापू आणि मधे रबरी नळी घालून दोन क्लिपा मारू." शेजारचे काका म्हणतात, गॅसने नट तापव, लगेच सुटेल. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरा उपायही सुचत नाही. बाबांचे गुडघे गेलेत, ते ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसलेत. त्यांच्या गाडीचा पाईप माझ्या हातून मोडू नये एवढीच इच्छा आहे. ज्यांनी असा नट सोडवलाय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
आधी एक गोष्ट हात जोडून सांगतो, काकांचं ऐकू नका. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेटू शकते, रत्नागिरीच्या हवेत तर बोलायलाच नको. ती हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीलगत साचून राहते आणि तुम्हाला वासही येईनासा होतो. तिथे गॅस नाही, ग्राइंडर नाही, पिवळा गरम बल्बसुद्धा नाही. काम उघड्यावरच करा आणि पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. या कामात माणूस भाजलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

प्रतिसाद:
रबरी नळीबद्दल लिहितो. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोलला दाब जवळपास नसायचाच, तिथे नळी आणि क्लिप चालून जायची. तुमची गाडी इंजेक्शनची आहे, पाइपात अडीच-तीन बार दाब असतो. साधी नळी घाटात, तापलेल्या इंजिनाशेजारी सुटली तर पेट्रोलची पिचकारी थेट इंजिनावर. पाईप कापायची वेळ आलीच तर ब्रेकचे पाईप बनवणाऱ्याकडे न्या. तो नवा नट घालून पाइपाचं तोंड पुन्हा फुलवून देईल. पण ती पाळी येईल असं मला वाटत नाही.

प्रतिसाद:
दादा, मी उद्यमनगरात काम करतो, जुन्या गाड्या रोज हाताखालून जातात. एक विचारू? पाना कुठल्या बाजूला ओढत होता? तुम्ही वरून वाकून बघताय आणि नट खालून वर बसलाय. वरून बघताना तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला तर सुटतो. आपला हात सवयीने उलटा ओढतो, म्हणजे इतका वेळ तुम्ही तो आवळत असाल. चांगले चांगले लोक इथे फसतात.

आता दुसरं. तो नट फिरवूच नका. गंजलेला नट पाइपालाही चिकटलेला असतो, नट फिरला की पाईपही पिळतो आणि मोडतो. फिल्टर तर टाकूनच द्यायचाय ना, मग फिल्टर फिरवा. वरचा बोल्ट काढलाच आहे, आता फिल्टरचा पट्टा सोडा. नट खालून ग्रिप प्लायरने (आवळून लॉक होणारी पक्कड) गच्च धरा, तो पाइपासकट जागचा हलता कामा नये. फिल्टरच्या बुडाशी षटकोनी भाग आहे, त्याला पाना लावा आणि बरणीचं झाकण उघडतो तसा फिल्टर फिरवा. बरणी स्थिर, झाकण फिरतंय, एवढं डोक्यात ठेवलं की दिशा चुकत नाही.

आज रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा. फिरवताना सलग जोर लावू नका, पान्याच्या दांड्यावर हातोडीचे छोटे ठोके द्या. गंज झटक्याने सुटतो, ओढल्याने नाही. आणि नव्या फिल्टरवर तोच नट आवळायला १४ चा खाचेचा रिंग पाना आणा, ब्रेक पाइपाला वापरतात तो. पाईप खाचेतून आत जातो आणि पाना नटाच्या पाच बाजू धरतो. फिक्स पाना फक्त दोन धरतो, म्हणून कोपरे गेले तुमचे.

प्रतिसाद:
वरच्या बोल्टचे तांब्याचे वायसर जुने परत लावू नका. ते एकदाच दबतात. मोठ्या बोल्टला दोन आणि छोट्याला एक, तिन्ही नवे घाला. वीस-तीस रुपये वाचवण्याच्या नादात पेट्रोल पाझरतं.

धागाकर्ता:
उद्यमनगरवाले दादा, तुमचा पहिला प्रश्न वाचून मी जागचा उठलो आणि अंगणात जाऊन हाताने हवेत फिरवून बघितलं. खरंच उलटाच ओढत होतो. तिन्ही वेळा.

रात्री स्प्रे मारला, सकाळी सहाला परत मारला, चहा होईपर्यंत मुरू दिला. पट्ट्याचा बोल्ट १० नंबरचा होता, तोही गंजलेला, पण निघाला. ग्रिप प्लायर डाव्या हाताने खालून लावला. तो नटावर बसलाय की पाइपावर हे दिसत नव्हतं, म्हणून मोबाइलचा कॅमेरा खाली सरकवून फोटो काढला, मगच आवळला. हे करणाऱ्या पुढच्या माणसाने जरूर करावं. पहिल्या फोटोत प्लायरचं एक तोंड पाइपावर होतं, तसाच जोर दिला असता तर पाईप चेपला असता.

मग फिल्टरला पाना आणि पान्याला ठोके. पाच-सहा ठोक्यांनंतर "टक्" असा कोरडा आवाज आला. पाईप मोडला असं वाटून माझा श्वासच अडकला. बाबा ओट्यावरून म्हणाले, "सुटला." आवाजावरून ओळखलं त्यांनी. त्यापुढे फिल्टर हाताने फिरला. पाईप सरळ आहे, आटे स्वच्छ आहेत. नटाचे चार कोपरे शाबूत आहेत, खाचेच्या पान्यात तो नीट बसला.

नवा फिल्टर बसवताना नटाचे पहिले तीन-चार आटे बोटांनी घातले, म्हणजे तिरका जाणार नाही. वायसर तिन्ही नवे. मग गाडी चालू न करता किल्ली तीनदा फिरवली. दर वेळी मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंद घरघर ऐकू येते, तेवढ्यात दाब भरतो. वर-खाली दोन्हीकडे टिश्यू पेपर दाबून पाहिला, कोरडा. दुसऱ्या दिवशी साखरप्यापुढे आंबा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने कुठेही दम सोडला नाही.

आता एक नवीन प्रश्न, म्हणून धागा बंद करत नाही. जुना फिल्टर खालच्या तोंडाने पांढऱ्या कापडावर उलटा केला. जे आलं ते पेट्रोल वाटत नव्हतं, काढ्यासारखं तपकिरी. कापडावर रव्याएवढे गंजाचे कण राहिले आणि त्यांच्या कडेला पाण्याचे दोन वेगळे थेंब. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते ओल धरतं आणि टाकीतला जुना गाळ सोडवतं, हे मला माहीत आहे. म्हणजे हा गंज टाकीतलाच असणार. आईची तपासणी होईपर्यंत अशीच चालवून मग टाकी उतरवून धुवावी, की पंपाचं झाकण उघडून वरूनच आत बघणं पुरेल? खारट हवेत २० वर्षांपेक्षा जुनी टाकी ज्यांनी उतरवली आहे, त्यांनी एक सांगा. टाकीच्या पट्ट्यांचे बोल्ट सुटतात, की तुटतात?